लॅपटॉपची कड

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘प्रवासासाठी लॅपटॉप कसा निवडावा आणि नेट कसं चालू ठेवावं’ असं छापलंय. त्यावर येतेच. त्याआधी एक विचारते. आत्ता, या क्षणी, पर्समध्ये किंवा खिशात कुणाकडे ओटीजी आहे? हात वर करा. एक, दोन... आणि मागे तो मुलगा, शाबास रे. पन्नासेक माणसांत तीन हात. मग मी बरोबर ठिकाणी आले आहे.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही बघा, अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. एका बाजूला टाइप-सीचं तोंड, ते लॅपटॉपमध्ये किंवा मोबाइलमध्ये जातं. दुसऱ्या बाजूला आपलं जुनं चौकोनी यूएसबीचं भोक, त्यात पेनड्राइव्ह बसतो. मला हिचं मोल कसं कळलं ते सांगायला थोडा वेळ लागेल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

२०२३ ची गणपतीची चवथ आठवते? १९ सप्टेंबरला, मंगळवारी आली होती. म्हणजे दीड दिवसाचं विसर्जन २० तारखेला. इथे जीएसटी भरणारे जे कोणी बसले आहेत त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल, कारण दर महिन्याची २० तारीख म्हणजे थ्री-बी, महिन्याचा जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. आमची काजूची लहानशी कंपनी आहे, मी तिचे हिशेब सांभाळते आणि सहीचा अधिकारही माझ्याकडे आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. त्यामुळे रिटर्न नुसत्या ओटीपीवर जात नाही, डिजिटल सही लागते. ती सही असते एका टोकनमध्ये. दिसायला पेनड्राइव्ह, आणि बसतं ते चौकोनी भोकातच. आधी का भरला नाही, असं विचाराल. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे १९ च्या रात्री खात्यात आले. त्याआधी चलन भरायला खात्यात तेवढी शिल्लकच नव्हती.

माझं सासर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे. घर जुनं, चिऱ्याचं. भिंती अशा की खिडकीच्या कोनाड्यात मूल मांडी घालून बसेल. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, केळ्यांचा घड, रानातलं काय काय बांधलेलं. घरात पंचवीस माणसं. सकाळची आरती झाली आणि मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसले. तीन महिन्यांपूर्वीच घेतलेला, अगदी पातळ, सव्वा किलोचा. टोकन काढलं, टोपण काढलं, आणि लावायला गेले तर जागाच नाही. उजव्या कडेवर बोट फिरवलं, सगळी गुळगुळीत, टोकाला फक्त हेडफोनचं छिद्र. डाव्या कडेला दोन बारीक लांबट भोकं, दोन्ही टाइप-सी. फॅक्टरीतल्या टेबलावर एक हब, म्हणजे जास्तीच्या भोकांची डबी, कायम लावलेला असतो, सगळं त्याच्यातूनच चालतं, म्हणून तीन महिन्यांत ही गोष्ट कधी समोर आलीच नव्हती. आणि तो हब होता फोंड्याला, कुलुपात.

सासूबाई आतून बघत होत्या. “काय शोधतेस गो?” म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, भोक.” त्यांनी आपल्या पेटाऱ्यातून दाभण आणून दिलं. हसा, खुशाल हसा, पण मला त्या क्षणी त्यांचं फार बरं वाटलं. मदतीला उठलेलं ते एकच माणूस होतं.

मग धाकट्या दिराचा मुलगा आला. बारावीतला. मोबाइलवर सिनेमे बघायला त्याच्याकडे ही ओटीजी होती. “काकी, हे लावून बघ.” लावलं. टोकनवरचा लहानसा दिवा लागला. मी कंपनीची एवढी चलनं भरली आहेत, पण त्या दिव्याएवढा आनंद कशाचा झाला नाही. शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू.

आणि वीज गेली. सत्तरीत, चवथीच्या पावसात, वीज जाणारच. बॅटरी ४१ टक्के. नेट मोबाइलचं. मोबाइलला घरात रेंज शून्य, फक्त वाळपईच्या दिशेच्या खिडकीत दोन काड्या. फोन तिथे कोनाड्यात ठेवला आणि हॉटस्पॉट चालू केला, तर पडवीत लॅपटॉपला तो दिसेना. मधे चिऱ्याची भिंत. इथे पुन्हा पुतण्यानेच मार्ग काढला. हॉटस्पॉट दोन बँडवर चालतो, ५ गिगाहर्ट्झ आणि २.४. पाचवाला वेगवान, पण भिंतीशी त्याचं जमत नाही. २.४ वाला जरा हळू, पण भिंत ओलांडून येतो. फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. आयफोनवर ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ लिहिलेलं असतं, अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी बँड निवडायलाच देतात. बदललं, आणि मिनिटभरात पोर्टल उघडलं. स्क्रीनचा उजेड कमी केला, बाकी सगळं बंद. चलन, मग सही, मग एआरएन, म्हणजे रिटर्न पोचल्याचा नंबर. तो नंबर स्क्रीनवर आला तेव्हा आत उत्तरपूजा संपून गणपतीला पाटावरून उठवायची तयारी चालली होती. मी लॅपटॉप मिटला आणि पाटाला हात लावायला गेले. बॅटरी उरली होती ६ टक्के.

आता माझं म्हणणं ऐका. दुकानात लॅपटॉप आपल्याला नेहमी पुढून दाखवतात. स्क्रीन, रंग, आतला प्रोसेसर कितव्या पिढीचा. मलाही तसंच दाखवलं. अर्धा तास बोलले, कडेबद्दल एक शब्द नाही. आणि प्रवासात तुमचं काम अडतं ते कडेवर. काय लावता येतं, चार्जर कुठून जातो, तो चार्जर हरवला तर दुसऱ्या कुणाचा चालतो का. म्हणून माझा आग्रह आहे की दुकानात गेल्यावर लॅपटॉप आधी उचला आणि आडवा धरून चारही कडा बघा. तुमची रोजची वस्तू घरून घेऊन जा. टोकन असेल, प्रोजेक्टरची केबल असेल, फोटोग्राफर असाल तर कॅमेऱ्याचं कार्ड. तिथेच लावून बघा. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, कुणी रागावत नाही.

आणि दुसरी अर्धी गोष्ट गावाची. तुम्ही सर्वांत अडचणीच्या कुठल्या जागी बसून काम करणार आहात, ती जागा डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यासाठी लॅपटॉप घ्या. पणजीच्या ऑफिसात कुठलाही चालतो. चोर्ला घाटात गाडी थांबवून काम करायची वेळ...

बरं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मी घाटातून थेट खाली उतरते, आणि ज्यासाठी तुम्ही आलात ते भराभर सांगते.

वजन चार्जरसकट मोजा. दीड किलोच्या आतला लॅपटॉप फिरतीला बरा. गेमिंगचे लॅपटॉप अडीच किलोच्या घरात जातात आणि त्यांचा चार्जर विटेसारखा. चार्जिंग टाइप-सीवरून होतं का, हे नक्की विचारा. होत असेल तर ६५ वॉटच्या एकाच पीडी, म्हणजे टाइप-सीवरून जास्त वीज देणाऱ्या चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागतात, आणि पॉवर बँकेवरही लॅपटॉप चालतो. मात्र ती पॉवर बँक ४५ वॉट किंवा जास्त देणारी हवी. मोबाइलची साधी १८-२० वॉटवाली बहुतेक लॅपटॉपना पुरत नाही. २० हजार एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, लहान लॅपटॉप एकदा पूर्ण भरतो. विमानाने दाबोळीहून जा नाहीतर मोपाहून, ती हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानात टाकायला मनाई आहे. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नाही, त्यावर विमान कंपनीची परवानगी लागते.

रॅम १६ जीबी घ्या, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच जोडलेली असते, मागाहून वाढत नाही. स्क्रीन चकचकीत नको, आणि उजेड ४०० निट्सच्या आसपास असेल तर पडवीत अक्षर दिसतं. जुना स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर विंडोज ११ चालतं का बघा. १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि एसी डब्यातून पावसाळ्यात मडगावच्या फलाटावर उतरलात की चष्म्यावर वाफ धरते ना, तीच लॅपटॉपवरही धरते. वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

नेटचं. फोनमध्ये दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची. नव्या गावात कुठलं चालतं ते तिथल्या दुकानदाराला विचारा, जाहिरातीतल्या नकाशापेक्षा त्याला जास्त कळतं. ५जीची एकच काडी येत-जात असेल तर फोन ४जीवर ठेवा, बॅटरीही वाचेल. फोन जवळ ठेवता येत असेल तर हॉटस्पॉटपेक्षा केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग म्हणतात त्याला. जास्त स्थिर चालतं आणि फोन चार्ज होत राहतो. विंडोजमध्ये त्या नेटला ‘मीटर्ड’ करून ठेवा, नाहीतर अपडेट तुमचा दिवसाचा डेटा खाऊन टाकेल. कोकण रेल्वेने मुंबईला जाताना मीटिंग ठेवूच नका. त्या सगळ्या मार्गावर मिळून नव्वदाहून जास्त बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. फायली आदल्या रात्री उतरवून घ्या आणि गाडीत लिहायचं काम करा, फार छान होतं. परदेशी जाताना तिथलं ई-सिम घ्या, पण आपलं सिम काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आणि या सुट्टीत जम्मू-काश्मीरला कोण जातंय? आपलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघायच्या आधी बदलून घ्या.

ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी बाहेर चहाच्या टेबलापाशी थांबा. माझ्याकडे दोन ओटीजी आणि एक पीडी पॉवर बँक आहे, तुमच्या कडेला लावून बघू.