खासदाराचं वेबिल

नमस्कार श्रोतेहो.

आज मला एका वहीबद्दल बोलायचंय. लांबट, दोनशे पानी वही, वर तपकिरी कागदाचं कव्हर आणि त्यावर ठसठशीत अक्षरात एकच शब्द: वेबिल. बेस्टच्या बसनं ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हा शब्द सांगायला नको. कंडक्टर फेरी सुरू करायच्या आधी प्रत्येक दराच्या तिकिटाचा पहिला नंबर लिहितो. शेवटच्या स्टॉपला पुन्हा नंबर लिहितो. वजाबाकी केली की किती तिकिटं फाडली ते कळतं, आणि पेटीतली कॅश त्याच्याशी जुळावी लागते. आता मशिनं आली, पण ही वही त्या जुन्या काळातल्या एका कंडक्टरची आहे. आणि ती बसची नाही. तिच्यात हिशोब आहे तो आमच्या खासदाराच्या कामाचा.

वहीकडे येतेच. त्याआधी थोडं, अगदी थोडं, पाठीमागचं सांगते. मुंबईतून आपण लोकसभेत सहा खासदार पाठवतो. महाराष्ट्रातून 48. गटार तुंबलं की नगरसेवक, हे आपल्याला पाठ आहे. पण खासदारानं काय करायचं? त्याचं मुख्य काम कायदे करणं, आणि सरकारला प्रश्न विचारणं. पुन्हा सांगते, कायदे करणं आणि प्रश्न विचारणं.

बहुतेक कायदे सरकार आणतं, म्हणजे मंत्री आणतात. पण जो मंत्री नाही असा कुठलाही खासदार, सत्ताधारी पक्षाचा असो की विरोधी, स्वतःचं विधेयक मांडू शकतो. त्याला खासगी विधेयक म्हणतात. महिनाभर आधी सूचना द्यायची. चर्चा फक्त शुक्रवारी, दुपारचे अडीच तास, त्यातही एका शुक्रवारी विधेयकं आणि एका शुक्रवारी ठराव. कुणाचं विधेयक आधी घ्यायचं हे सोडतीनं ठरतं. 1952 पासून आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली. शेवटचं 1970 मध्ये. लक्षात ठेवा, 14, आणि शेवटचं 1970 मध्ये. 2015 मध्ये राज्यसभेचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं मंजूर केलं, 45 वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, पण लोकसभेत ते पार पडलं नाही.

मग ही विधेयकं मांडायची कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. त्या 14 मधलं एक सांगते. मुंबईत जन्मलेले फिरोज गांधी रायबरेलीचे खासदार होते. संसदेत जे बोललं जातं ते वर्तमानपत्रानं खरेपणानं छापलं तर त्याच्यावर खटला होऊ नये, असं विधेयक त्यांनी आणलं आणि 1956 मध्ये त्याचा कायदा झाला. रेडिओवरून सांगितलेलंही त्यात धरलं होतं. आणीबाणीत, 1976 मध्ये, तो कायदा रद्द केला गेला आणि 1977 मध्ये परत आणावा लागला. एका खासदाराच्या कागदानं एवढं केलं. या माइकसमोर बसले की मला त्याची आठवण होते.

आता वही.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात ते आमचे कंडक्टरकाका. मूळ गाव मालवणकडचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अक्षर अजून मोत्यासारखं. माझं पक्कं मत आहे की हलत्या बसमध्ये उभं राहून ज्यानं लिहिलंय त्याचं अक्षर कधी बिघडत नाही. आमच्या शाळांनी मुलांकडून रोज एक पान हातानं लिहून घ्यायला हवं, पण ते जाऊ दे.

काकांनी लहानपणी बॅरिस्टर नाथ पै यांची भाषणं ऐकलेली. नाथ पै राजापूरचे खासदार, 1957 पासून 1970 पर्यंत. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं. देशभर त्यावर वाद झाला, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै वारले तेव्हा विधेयक मंजूर न होताच राहिलेलं. त्याच वर्षी सरकारनं 24वी घटनादुरुस्ती केली ती त्याच धर्तीवर. त्या विधेयकाच्या बाजूनं असा, विरुद्ध असा, पण एक कोकणातला माणूस एक कागद मांडतो आणि सगळा देश त्यावर बोलतो, हे काकांच्या मनावर कोरलं गेलं. विधेयक म्हणजे काय, याचं त्यांचं माप तिथून आलं.

तर काही वर्षांपूर्वी आमच्या खासदारांचा कार्यअहवाल चाळीत घरोघर आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. बाकडी, व्यायामाची साधनं, शौचालयं, समाजमंदिरांचे रंग. हे सगळं खासदार निधीतून, म्हणजे वर्षाला 5 कोटींचा जो निधी असतो त्यातून. खासदार काम सुचवतो, करतं जिल्हा प्रशासन, आणि पैसा आपला सगळ्यांचा. त्या बाकड्यांवर नाव मात्र खासदाराचं असतं. मला हे मुळीच पटत नाही. बाकड्यावर नाव लिहायचंच तर 'करदात्यांच्या पैशातून' एवढं लिहावं.

त्या अहवालात शेवटच्या पानावर एक ओळ होती, संसदेत सात खासगी विधेयकं मांडली. काकांनी ती ओळ वाचली आणि नातीला हाक मारली. ती तेव्हा अकरावीत. म्हणाले, "बाय, ही सात कोणती ते बघ."

तिनं फोनवर संसदेचं संकेतस्थळ उघडलं. संसद डॉट इन. तिथं सदस्याचं नाव टाकलं की विधेयकं, प्रश्न, चर्चेतली भाषणं सगळं निघतं. सात विधेयकं निघाली. खरंच सात. काकांनी वहीत रकाने आखले: मांडल्याची तारीख, विषय, चर्चेला आलं का, पुढं काय. विधेयकं इंग्रजीत. नात वाचायची, मराठीत सांगायची, काका लिहायचे. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे' असा भाग असतो, तो तर त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. संसदेत मांडलेला प्रत्येक कागद मराठीत मिळायला हवा, नात नसलेल्या आजोबांनी काय करायचं?

त्या सातांतलं पाचवं विधेयक होतं वृद्धांच्या पेन्शनचं. तिथं काका थांबले.

का थांबले ते सांगते. आमच्या चाळीत पोळ्या करायला एक मावशी येतात. सत्तरी गाठलेली, पिवळं रेशनकार्ड, मागं कुणी नाही. त्यांना वृद्धापकाळाची पेन्शन मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात 79 वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा महिन्याला किती? 200 रुपये. वयाच्या 80 नंतर 500. राज्य सरकार आपली भर घालतं म्हणून हातात जरा बरी रक्कम पडते. पण केंद्राचे ते 200च. योजनेला 2007 मध्ये हे नाव मिळालं तेव्हाही 200च होते. दोनशे रुपयांत आज मावशींचं महिन्याचं तेलसुद्धा नीट निघत नाही. आणि आमच्या खासदारांच्या विधेयकात हा वाटा वाढवा, असं स्पष्ट म्हटलेलं. काकांना मनापासून आनंद झाला. त्यांनी मावशींना बोलावून ते पान वाचून दाखवलं.

मग चौथा रकाना. पुढं काय झालं? काही नाही. सातही विधेयकांपुढं काही नाही. सोडतीत एकाचाही नंबर लागला नव्हता.

दुसरा कुणी असता तर इथंच वही मिटली असती. पण कंडक्टर फक्त तिकिटं मोजत नाही, कॅश जुळवतो. काकांनी नातीला सांगितलं, "आता यांनी विचारलेले प्रश्न काढ." तोवरचे सगळे प्रश्न, तीनशेच्या वर. तारांकित म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री उभं राहून देतात आणि खासदाराला उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत रोज असे 20. अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचे, रोज 230. दोघांनी दिवाळीची सगळी सुट्टी घालवून ते प्रश्न वाचले. रेल्वे, टपाल, विमानतळ, खारफुटी, बरंच काही होतं, चांगलं होतं. वृद्धांच्या पेन्शनवर एकही नव्हता. भाषणांतही नव्हतं.

पुढच्या गणेशोत्सवात खासदार आमच्या मंडपात आरतीला आले. पुढं आणखी चार-पाच मंडळं करायची होती, कार्यकर्ते घाई करत होते. प्रसाद घेऊन ते वळले आणि काका वही घेऊन समोर उभे राहिले.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा की काका."

"तुमचं पेन्शनचं विधेयक मी वाचलं. चांगलं आहे. कुठपर्यंत आलं?"

खासदार म्हणाले, "काका, ते सोडतीवर असतं. शुक्रवारचे अडीच तास आणि विधेयकं शेकड्यांनी. शिवाय सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राष्ट्रपतींची शिफारस लागते. ती नसेल तर विधेयक पुढं सरकत नाही." आणि हे अगदी खरं होतं. संविधानाच्या 117व्या अनुच्छेदात तसंच आहे.

काका म्हणाले, "समजलं. ते तुमच्या हातात नाही. पण प्रश्न? आजवर तीनशेच्या वर प्रश्न विचारलेत. मी सगळे वाचले. पेन्शनवर एक नाही."

"प्रश्नही सोडतीतच जातात, काका."

"जातात साहेब. पण तीनशे लागले ना."

मंडपात कुणी बोलेना. मी तिथंच होते, हातात प्रसादाचं ताट. खासदारांनी वही मागून घेतली. उभ्या उभ्या पानं उलटली, पाचव्या विधेयकाच्या पानाचा फोनवर फोटो काढला आणि स्वीय सहायकाला म्हणाले, "हिवाळी अधिवेशनात घ्या." काकांना नमस्कार केला आणि गेले.

श्रोतेहो, त्या माणसाबद्दल माझ्या मनात त्या दिवशी आदर वाढला. आणि त्या चार वाक्यांत मला जे कळलं ते कुठल्या आकड्यानं कळलं नसतं. नुसतं विधेयक मोजू नका, त्याच विषयावर प्रश्न विचारलाय का ते बघा. पुन्हा सांगते: विधेयक आणि प्रश्न शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच विषयाचं विधेयक, त्यावर प्रश्न, त्यावर भाषण असं दिसलं तर समजा, माणसाला तो विषय खरंच लागलाय. विधेयक एकटंच असेल तर जाऊन विचारा.

आकडे हवेतच, ते मी नाकारत नाही. दिल्लीतली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं देते, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरीही. ती बघा. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हजेरी म्हणजे आल्याची नोंद, सभागृहात किती वेळ बसले ते त्यातून कळत नाही. आणि मंत्री हजेरी लावत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, खासगी विधेयकं आणत नाहीत, तेव्हा तुमचे खासदार मंत्री असतील तर ते रकाने रिकामे दिसणारच.

एक रकाना मात्र कुणाच्याच वहीत भरता येत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या खासदारानं कायद्याला होकार दिला की नकार? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. होय म्हणणारे होय म्हणतात, नाही म्हणणारे नाही, कोण काय म्हणालं त्याची नोंद राहत नाही. मतविभागणी झाली तरच नावानिशी नोंद होते. प्रत्येक कायद्यावर मतविभागणी व्हायला हवी. आमच्या चाळीच्या सभेत पाण्याची मोटर घेताना हात वर केलेल्यांची नावं इतिवृत्तात लिहितात, मग देशाच्या कायद्याला का नको?

तर, हिवाळी अधिवेशन. नात रोज यादी बघत होती. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न दिसला, अतारांकित. वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा वाढवण्याचा सरकारचा विचार आहे का, असल्यास कधी, नसल्यास कारणं काय. उत्तराचा मथितार्थ होता की सध्या असा प्रस्ताव नाही. काकांनी तो कागद छापून आणला आणि जिन्याखालच्या फळ्यावर चिकटवला. पोळ्या करायला मावशी आल्या तेव्हा त्यांना थांबवून वाचून दाखवला.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे वाढणार नाही?"

"सध्या नाही. पण आता त्यांनी तसं लिहून दिलंय."

मावशी पिठाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी परत विचारायला सांगा."

त्या लोकसभेची मुदत संपली. लोकसभा विसर्जित झाली की तिथं पडून असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे संपतात. काकांनी सातही विधेयकांपुढं तो शब्द लिहिला, व्यपगत. मग नवीन लोकसभेचं पान आखलं. आता आखते नात, काकांची नजर अधू झालीय. पहिल्या ओळीत तिनं तारीख घातली आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं: पेन्शन, मावशींनी परत विचारायला सांगितलंय.

नमस्कार.