केळकरांच्या घरात दिवसाला एक

(दृश्य: अंधारात पितळी मोर. कॅमेरा हळूहळू खाली उतरतो. मोराच्या पायाखाली खरबरीत तळ.)

हा मोर शोभेचा नाही. ही वज्री आहे, न्हाणीत बसून टाच घासायची. तळाला आडव्या-उभ्या खाचा, वर मुठीत मावेल असा मोर, हत्ती, नाहीतर नुसती कडी. काही वज्र्यांच्या पोटात खडे असतात. घासताना खुळखुळ वाजतात. पायाच्या भेगांसाठी एवढा जीव कुणी ओतला, त्याचं नाव मात्र वज्रीवर नाही.

घरात नवी वस्तू आली की जुनी मोडीत जाते. मोडीवाला नक्षी बघत नाही, काटा बघतो. पितळ वजनावर जातं, आटतं, त्याचं दुसरंच भांडं होतं. या वाटेवरून वस्तू परत आणणारा माणूस पुण्यात चष्म्याचं दुकान चालवत होता. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे. दुकान घरचं होतं आणि संग्रहाचा नाद लागला तो १९२० च्या सुमारास.

राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे बरेच होते. केळकरांची नजर गेली दिव्यांवर, दौतींवर, अडकित्त्यांवर, हुक्क्यांवर, वाद्यांवर, कोरीव दरवाजांवर. म्हणजे रोज हाताळल्या जाणाऱ्या, आणि म्हणूनच कुणी जपून न ठेवलेल्या गोष्टींवर.

(दृश्य: दिव्यांची रांग. समई, लामणदिवा, हातातला दिवा.)

१९६० पर्यंत सुमारे १५ हजार वस्तू जमल्या. चाळीस वर्षांनी भागून बघा: दिवसाला एकाहून थोड्या जास्तच. वस्तू विकत घ्यायला पैसा लागतो, तो दुकानातून येईल. पण ती ठेवायची कुठे? फडताळ भरलं, माळा भरला, मग चालायच्या वाटेवर. अशा घरात संसार करणारीचा होकार नसेल, तर पन्नासाव्या समईलाच संग्रह थांबतो. कमलाबाई केळकरांची साथ होती, असं एका वाक्यात सांगून लोक पुढे जातात. आमच्या मते ते वाक्य फार आखूड आहे.

दोघांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं तेव्हा त्याला नाव दिलं राजाचं. 'राजा दिनकर केळकर' वाचून अनेकांना वाटतं, हे कुठल्या संस्थानाचे राजे. तसं नाही. राजा हा मुलगा, दिनकर त्याचे वडील.

१९७५ मध्ये हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सुपूर्द झाला. घर, दुकान, दागिने वारसांत वाटता येतात. अडकित्ते वाटले तर संग्रह उरत नाही, घरोघरी एकेक अडकित्ता उरतो. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे: शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी करावीच लागते.

(दृश्य: टेबलावर अडकित्ता. हातमोजे, फुटपट्टी, नोंदवही.)

देणगी दिली की काम संपलं, असं देणाऱ्यालाही वाटतं आणि घेणाऱ्यालाही. खरं काम इथून पुढे. प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, वजन, धातू की लाकूड, आली कुठून, मोडलंय काय, आणि फोटो. यात अडतं ते 'आली कुठून' या रकान्यावर. जुन्या बाजारात विकणारा गाव सांगत नाही. सांगितलंच तर ते घेणाऱ्याच्या डोक्यात राहतं, आणि ती माणसं गेली की रकाना कोराच राहतो.

क्रमांकाची चिठ्ठी खळीनं चिकटवू नये. खळीच्या वासावर कसर येते, कागद खाते, आकडा जातो. धातूवर आधी पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, तो वाळला की शाईनं आकडा, वर पुन्हा एक थर. जागा न दिसणारी, पण वस्तू उलटी न करता सापडणारी. कापडावर फितीचा तुकडा, दोन टाक्यांत शिवलेला.

आता हा अडकित्ता. दांडे पितळी, पातं लोखंडी. दोन धातू चिकटून बसले आणि हवेत ओल असली, की लोखंड आधी गंजतं. गंजाचा डाग पहिल्यांदा रिव्हेटपाशी दिसतो. पुण्याच्या पावसाळ्यात तर हमखास. अशा वेळी जोर लावून उघडायला गेलं तर पातं तरी तुटतं, नाहीतर दांडा. चिंच आणि राख लावून चकचकीत करायचा मोह होतो, तोही आवरावा. प्रत्येक घासणीबरोबर नक्षीची रेष थोडी पुसली जाते, आणि अंगठ्यानं झिजलेली जागाही. ती झीज म्हणजे वापरणाऱ्याची सही.

हिरवा डाग दिसला तर नखानं खरवडू नका, नुसता बघा. घट्ट, गडद हिरवा असेल तर निवांत असा. फिकट, पिठासारखा झडणारा असेल तर ती क्षारांची लागण. आर्द्रता ४० टक्क्यांखाली गेली की ती थंडावते. पण तेवढ्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं, तंबोऱ्याचा भोपळा चिरतो. त्यामुळे वीणा आणि पितळी दिवा एका कपाटात सुखानं नांदत नाहीत.

आज संग्रह २० हजारांच्या पुढे आहे. मांडलेल्या वस्तू सुमारे अडीच हजार, म्हणजे आठातली एक. जागा कमी हे कारण आहेच. पण कापड आणि लघुचित्रं सतत मांडून ठेवताही येत नाहीत. ५० लक्सच्या मंद उजेडातही रंग उडतो, फक्त सावकाश, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून काही महिने भिंतीवर, मग बराच काळ अंधारात.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून इथेच पुन्हा जुळवले आहेत. गर्दी तिथे. वज्रीपाशी फारसं कुणी थांबत नाही.

(दृश्य: हातमोज्यातला हात अडकित्ता ट्रेमध्ये ठेवतो.)

अडकित्ता मिटून ठेवायचा नाही. किंचित उघडा, पात्याखाली आम्लरहित कागदाची घडी, क्रमांक वरच्या बाजूला.