वजन साडेचार किलो

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. ओसरीत कापसाचा ढीग, आणि बाजेवर आई लेकराला दूध पाजतेय. लेकराचा ओठ आणि टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, जन्मतःच दुभंगलेलं आहे. नीट बघा, तिनं त्याला आडवं धरलेलं नाही. उभं धरलंय. वाटीत पिळून घेतलेलं तिचंच दूध, चमच्यानं, थोडं थोडं. टाळू दुभंगलेली असली की तोंड आणि नाक आतून एक होतं. बाळाला दूध ओढता येत नाही, घेतलेलं नाकावाटे येतं.

हे तिला आशाताईंनी शिकवलं. तोवर घरात एकच बोलणं होतं : ग्रहणात हिनं विळी हातात घेतली. गर्भाचा ओठ जुळतो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू त्यानंतर लगेच. दिवस गेल्याचं तेव्हा कित्येकींना कळलेलंही नसतं. जे जुळायचं राहिलं, ते कुठल्याच विळीनं कापलेलं नाही. आईचा यात काडीचाही दोष नाही.

ओठ ऑपरेशननं जोडता येतो. त्यासाठी भूल द्यायची, तर सर्जनांचा जुना ठोकताळा आहे : वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. म्हणून तो वाटी-चमचा म्हणजे उपचाराची सुरुवातच.

आता ऑपरेशन थिएटर. ओठावरचे हे निळे ठिपके पाहा. लाल कड त्वचेला मिळते ती रेघ एक मिलिमीटर जरी हुकली, तरी जन्मभर दिसते. म्हणून चीर देण्याआधी मोजमाप. फटीच्या एका बाजूचा भाग फिरवून खाली आणायचा, दुसऱ्या बाजूचा पुढे सरकवून त्यात बसवायचा. नुसती कातडी शिवून भागत नाही. ओठ मिटणारा गोल स्नायू दोन्हीकडे भलत्याच जागी चिकटलेला असतो. तो सोडवून मधोमध जोडावा लागतो. आधी आतलं अस्तर, मग स्नायू, शेवटी त्वचा. सर्जनच्या हाताला घाई नाही.

टाळूचं ऑपरेशन पुढे, ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. ते लांबलं, तर शब्द नाकातून येतात. मग वाचा-उपचार, कानांची तपासणी, दातांची देखभाल; ते वर्षानुवर्षं चालतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हे उपचार मोफत आहेत. तपासणी पथक अंगणवाडीत येतं, पण तोवर थांबू नका. असं बाळ जन्मलं की त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा.