टाळू म्हणजेच फाँटॅनेल

डोक्यावर मधोमध हे जे उडताना दिसतंय ना, ती बाळाची टाळू. डॉक्टर हिला अँटिरियर फाँटॅनेल म्हणतात. नाडीबरोबर उडतेय, घाबरायचं काही नाही. आजी वाटीतलं कोमट खोबरेल बोटांवर घेऊन हलकं हलकं थापतायत, परत थोडं सोडलं, परत थापलं. याला आपल्याकडे टाळू भरणं म्हणतात, आणि घरोघरी समज असा की तेल मुरलं की टाळू भरते.

आता ही नवजात बाळाची कवटी बघा, ॲनाटॉमीच्या डिपार्टमेंटमधली. पुढे कपाळाची दोन हाडं, मागे माथ्याची दोन, आणि चारही जिथे जवळ येतात तिथे पतंगाच्या आकाराची मोकळी जागा. हेच फाँटॅनेल. तिथे भोक नाहीये, चिवट पडदा आहे. जन्मताना अशा सहा जागा असतात, मागची छोटी तिकोनी दोन-तीन महिन्यांत बंद होते, पुढची बहुतेकांची दीड वर्षापर्यंत, काहींची दोनपर्यंत. बाळंतपणात ही हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून डोकं त्या अरुंद वाटेतून येऊ शकतं, आणि नंतर मेंदू इतक्या झपाट्याने वाढतो की जन्मावेळी साधारण 35 सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात 45-46 वर जातो. तेवढ्यात कडेकडेने हाड वाढत येतं आणि टाळू भरते. मालिश जरूर करा, बाळाला बरं वाटतं, पण टाळू भरतं ते हाड, तेल नाही.

हे दृश्य एनआयसीयूमधलं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं. सोनोग्राफीचा प्रोब थेट टाळूवर ठेवलाय, कारण हाडातून लहरी नीट जात नाहीत, इथून जातात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाय का ते असं बघतात. आणि केसपेपरवरची ही ओळ, 'एएफ ॲट लेव्हल', एएफ म्हणजे अँटिरियर फाँटॅनेल, म्हणजे टाळू सपाट आहे, फुगलेली नाही, खोलही गेलेली नाही.

जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय, तेल वाढवू नका, दूध चालू ठेवा, ओआरएस द्या आणि लगेच दवाखाना गाठा. बाळ शांत आहे, उभं धरलंय आणि तरी टाळू फुगलेली, टणक लागतेय, त्यात ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.