खेळ आधी, पाटी नंतर

पालकहो, बालवर्गाच्या शिक्षिकांनो आणि आवर्जून आलेल्या आजी-आजोबांनो,

बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, उजाड यरुशलेम पुन्हा वसेल तेव्हाचं चित्र आहे. म्हातारी माणसं काठी टेकत चौकात बसली आहेत आणि नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत. देवाची कृपा परत आली, हे ओळखायची खूण म्हणून संदेष्ट्याने मुलांचा खेळ निवडला. हे मुद्दाम सांगते, कारण "ख्रिस्ती शाळा म्हणून मुलीला घातली, पण प्रार्थना जेमतेम पाच मिनिटं आणि बाकी सगळा खेळच," ही तक्रार माझ्या कानावर नेहमी येते.

आमची सकाळची प्रार्थना खरोखरच छोटी असते. एक गाणं होतं, मग ज्याला जे मागायचं ते त्याने मागायचं. आजीचा गुडघा, हरवलेलं मांजर, सगळं चालतं. मग मुलं आपापल्या कोपऱ्यात पांगतात.

बाहुलीच्या कोपऱ्यात कधी बाहुलीचं बारसं होतं, तर कधी तिच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा. हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांतली मुलं एकाच वर्गात आहेत, त्यामुळे दोन्ही विधी एकाच बाहुलीवर पार पडतात. बाईंनी तिथे मध्ये पडू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलं घरी पाहिलेलं प्रेम तिथे पुन्हा करून बघत असतात.

गोष्टीची वेळ मात्र मला फार मोलाची वाटते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या. लूकच्या शुभवर्तमानात मेंढरं शंभर आहेत. आम्ही दहाच घेतो, कारण चार वर्षांच्या मुलाला दहा नीट मोजता येतात. बाटलीच्या झाकणांना कापूस चिकटवला की झाली मेंढरं. बाई एक हळूच चटईखाली सरकवतात. मुलं मोजतात, पुन्हा मोजतात. नऊच! मग सगळा वर्ग शोधायला लागतो. एखादं मूल म्हणतं, "ते एकटंच घाबरलं असेल." आता बघा, मोजणी झाली, एकमेकांना वाट देत शोधणं झालं, आणि न दिसणाऱ्या जिवाची काळजीही झाली. अशा वेळी "ते मेंढरू म्हणजे आपण" असं लगेच समजावू नका. मुलाने उद्या पुन्हा तोच खेळ मागितला, तर गोष्ट आत पोहोचली आहे.

बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची कल्पना मांडणारा फ्रेडरिक फ्रोबेल जर्मनीतल्या एका ल्युथरन पाळकाचा मुलगा. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्गला काम सुरू केलं. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, मग आठ छोटे ठोकळे, असं साहित्य तो मुलांच्या हाती क्रमाने द्यायचा. देवाने रचलेल्या सृष्टीतली एकता मुलाला हातांनी कळते, अशी त्याची श्रद्धा होती. तरीही १८५१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने नास्तिकतेचा आरोप ठेवून बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये, फ्रोबेलच्या मृत्यूनंतर. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी हीच पद्धत तिथे आवडीने अभ्यासली. त्यानंतर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. तेव्हा खेळ हे आजकालचं फॅड आहे, असं कृपा करून म्हणू नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळालाच महत्त्व दिलं आहे.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. तुमची काळजी मला कळते. पण पेन्सिल धरायला बोटांत बळ लागतं, आणि ते कणीक मळून, मटार सोलून, मणी ओवून येतं. ही कामं आमच्याकडे रोज होतात. घरीही करू द्या, ओट्यावर थोडा पसारा झाला तरी. तीन वर्षांच्या मुलाकडून अक्षरं गिरवून घेतली, तर त्याची मान आणि मनगट दोन्ही अवघडतात, आणि वहीची धास्ती बसते ती वेगळीच.

खेळात भांडणंही होतात. तीनचाकी एकच आणि हक्क सांगणारे दोघे. तिथे "सॉरी म्हण" असा हुकूम सोडू नका. रडणाऱ्याकडे बघायला लावा, त्याला काय हवंय ते विचारायला सांगा आणि जरा थांबा. क्षमेचा धडा यापेक्षा चांगला मला तरी देता आलेला नाही.

शेवटी एक मागणं. नवी खेळणी आणू नका. पुठ्ठ्याचे खोके, करवंट्या, जुन्या साड्यांचे तुकडे आणि झाकणं धुऊन पाठवा. वर्गाच्या दाराशी टोपली ठेवली आहे.