सात लेकरांची एलिझाबेथ

न्यूयॉर्क राज्यातलं सेनेका फॉल्स. १८४७ साली, पुढे अमेरिकेतल्या स्त्री-हक्क चळवळीची अग्रणी ठरलेली एलिझाबेथ केडी स्टॅन्टन बॉस्टन सोडून या गावात राहायला आली, तेव्हा पदरात तीन मुलगे होते. नवरा हेन्री वकील, गुलामगिरीविरोधी चळवळीतला नावाजलेला वक्ता. साहजिकच बराच काळ घराबाहेर.

१८४० साली लग्नात ‘नवऱ्याच्या आज्ञेत राहीन’ ही शपथ एलिझाबेथनं घेतलीच नव्हती. पण म्हणून पोरांचं आजारपण, धुणं, शिवण कुणाला चुकतंय?

पहिला मुलगा चार दिवसांचा असताना त्याच्या खांद्याजवळचं हाड वाकडं असल्याचं लक्षात आलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, ती इतकी घट्ट की बाळाची बोटं निळी पडली. तिनं पट्टी सोडली. दुसऱ्या डॉक्टरांनी बांधली, तीच गत. मग तिनं स्वतःच डोकं चालवून वेगळ्या पद्धतीनं पट्टी बांधली, आणि हाड सरळ झालं. आईची उपजत समज, असं डॉक्टर कौतुकानं म्हणाले. तिला ते मुळीच रुचलं नाही. यात उपजत काही नाही, मी नीट विचार केला, असं तिनं सुनावलं.

पोरंही काही कमी नव्हती. एकानं बुचांची माळ करून दीड वर्षाच्या भावाच्या काखेत बांधली आणि त्याला सरळ सेनेका नदीत सोडलं! आई धावली, म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी तेच बाळ घराच्या धुराड्यावर बसलेलं सापडलं.

याच संसारातून जुलै १८४८ची स्त्री-हक्क परिषद उभी राहिली. जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. बायकांना मताधिकार हवा, हे कलम एलिझाबेथनं धरून ठेवलं. एरवी पाठीशी असणारा हेन्री मात्र त्या दिवसांत गाव सोडून गेला.

त्याच्यापेक्षा जास्त कामाला आली ती मैत्रीण आणि चळवळीतली सहकारी, सुझन अँथनी. सुझननं पोरं सांभाळायची, चुलीवरचं पुडिंग ढवळायचं. एलिझाबेथनं टेबलाशी बसून भाषण लिहायचं. देशभर फिरून ते सुझननं गाजवायचं. सुझन अविवाहित. १८५९ मध्ये स्टॅन्टनांकडे सातवं मूल झालं, तेव्हा ती चांगलीच वैतागली होती. तिचंही काय चुकलं?

मुलं मोठी झाली. कॉलेजची फी भरायची होती. १८६९पासून पुढची बारा वर्षं एलिझाबेथ वर्षातले सात-आठ महिने रेल्वेनं गावोगाव हिंडून पैसे घेऊन व्याख्यानं देत राहिली. तिच्या गाजलेल्या व्याख्यानाचा विषय होता, मुली कशा वाढवाव्यात.