धुराचा गोळा आणि तिसरं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

नवीन आणलेली वस्तू आठवड्यात बंद पडते. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. मग घरातलं कोणीतरी वैतागून म्हणतं, "आता यांना कोर्टातच खेचू!" आज बोलायचं आहे ते कोर्टाच्या अलीकडच्या टप्प्याबद्दल. त्या टप्प्यावर एक पत्र लिहावं लागतं, आणि भांडण मिटणार की चिघळणार हे पुष्कळदा त्या पत्रावर ठरतं. पत्रात तीन गोष्टी हव्यातच: तारखा, मागणी आणि मुदत. हे तीन शब्द आज मी पुनःपुन्हा म्हणणार आहे. तारखा, मागणी, मुदत.

या तिन्हींचं मोल कळायला 1891 सालच्या लंडनला जाऊ. ही हकीकत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, पण कंपनीचं वागणं तुम्ही लगेच ओळखाल.

इन्फ्लुएंझाची साथ होती. 1889 च्या अखेरीपासून ती युरोपभर फिरत होती आणि खात्रीचं औषध कोणाकडेच नव्हतं. अशात बाजारात आला 'कार्बोलिक स्मोक बॉल', म्हणजे धुराचा गोळा. रबरी पोकळ गोळा, आत कार्बोलिक आम्ल घातलेली पूड आणि वर एक नळी. नळी नाकपुडीत धरायची आणि गोळा दाबायचा, की पूड धुरासारखी नाकात जायची आणि नाक वाहायला लागायचं. किंमत 10 शिलिंग, पुन्हा भरून घ्यायचा तर 5 शिलिंग.

13 नोव्हेंबर 1891 ला 'पॅल मॅल गॅझेट' या वर्तमानपत्रात कंपनीची जाहिरात आली. आमचा गोळा सोबतच्या सूचनांप्रमाणे रोज तीन वेळा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल, त्याला 100 पौंड बक्षीस. पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं होतं. आमचं म्हणणं मनापासूनचं आहे हे दाखवायला रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत 1,000 पौंड ठेवलेले आहेत, असं कंपनीने छापलं.

लुइझा कार्लिल या बाईंनी ती जाहिरात वाचली आणि 20 नोव्हेंबरला गोळा विकत घेतला. रोज तीन वेळा, सांगितल्याप्रमाणे, नेमाने वापरला. जाहिरातीतली अट दोन आठवड्यांची, बाईंनी तो आठ आठवडे वापरला. आणि 17 जानेवारी 1892 ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला.

श्रोतेहो, या तारखांकडे लक्ष द्या. खरेदी 20 नोव्हेंबर. वापर रोज तीन वेळा. आजार 17 जानेवारी. 'मागच्या महिन्यात कधीतरी घेतला' किंवा 'बरेच दिवस वापरला' अशी भाषा इथे नाही. पुढे सगळा खटला या तारखांवर उभा राहिला. तुमच्या पत्रातही अशाच तारखा हव्यात: कधी घेतलं, बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, कधी कळवलं, कोण काय म्हणालं.

आता पत्रांकडे येऊ. बाईंचे यजमान वकिली शिकलेले. त्यांनी कंपनीला पत्र लिहून बक्षीस मागितलं. उत्तर नाही. दुसरं पत्र पाठवलं. उत्तर नाही. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, पण त्यावर कोणाची सही नव्हती. मजकूर साधारण असा: नीट वापरला तर आमच्या गोळ्याच्या गुणाची आम्हाला पूर्ण खात्री आहे, मात्र खोट्या दाव्यांपासून बचाव म्हणून बाईंनी रोज आमच्या कचेरीत यावं, गोळा इथेच वापरावा आणि आमच्या सचिवाने तो तपासावा.

ही अट जाहिरातीत होती का? नव्हती. पैसे द्यायची वेळ आल्यावर ती काढली. आजही असंच होतं. वॉरंटीच्या कागदावर नसलेली अट तक्रारीनंतर पुढे येते. मूळ खोकं आणा, आमच्याच माणसाने बसवलेलं हवं, अमुक दिवसांत कळवायला हवं होतं. अशा वेळी चिडून फोन करू नका. एका ओळीचं पत्र पाठवा: "ही अट विक्रीच्या वेळी दिलेल्या कोणत्या कागदावर, कोणत्या कलमात आहे, ते लेखी कळवावं." अट खरोखरच छापलेली असेल तर तुम्हालाही वेळीच कळेल. नसेल तर हा प्रश्न आणि त्यावरचं मौन, दोन्ही पुढे तुमच्या बाजूने बोलतात.

आणखी एक सांगायचं आहे. बाईंकडे जाहिरात होती. आज जाहिरात पडद्यावर दिसते आणि दुसऱ्या दिवशी बदलते. म्हणून मोठी खरेदी करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असा. पावतीचंही तसंच. दुकानातल्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते. ऊन लागलं, प्लास्टिकच्या पाकिटात राहिली, की काही महिन्यांत अक्षरं उडून जातात. वर्षभराची वॉरंटी आणि सहा महिन्यांत कोरी होणारी पावती, हा ग्राहकावर सरळसरळ अन्याय आहे, आणि टिकाऊ पावती देणं सक्तीचं करायला हवं असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा.

तर, बाई कोर्टात गेल्या. पहिल्या सुनावणीत कंपनीची बाजू मांडायला होते एच. एच. अ‍ॅस्क्विथ, जे पुढे 1908 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. तरी न्यायमूर्ती हॉकिन्स यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. कंपनी अपिलात गेली. तिथे लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ असे तीन न्यायाधीश बसले. कंपनीचं म्हणणं होतं, जाहिरात म्हणजे नुसती बढाई, ती शब्दशः कोण घेतं? न्यायाधीशांनी विचारलं, मग बँकेत हजार पौंड कशासाठी ठेवले? कंपनी म्हणाली, आम्ही साऱ्या जगाशी करार कसा करू? उत्तर मिळालं, देकार, म्हणजे कराराचा प्रस्ताव, साऱ्या जगापुढे ठेवता येतो. जो त्यातली अट पुरी करतो त्याच्याशी करार होतो. कंपनी म्हणाली, आपण गोळा वापरायला घेतला हे बाईंनी आम्हाला कळवलं नव्हतं. उत्तर मिळालं, तसं कळवा असं तुम्ही म्हटलंच नव्हतं. 7 डिसेंबर 1892 ला तिघांनी एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. जगभर कायद्याचे विद्यार्थी कराराचे पहिले धडे आजही या निकालावरून शिकतात.

मला मात्र या हकीकतीत निकालापेक्षा ती तीन पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. जानेवारीतल्या आजाराचे शंभर पौंड ठरायला डिसेंबर उजाडला. पहिल्याच पत्राला सरळ उत्तर दिलं असतं तर कंपनीचं काम शंभर पौंडांत भागलं असतं, आणि बाईंचे जवळजवळ अकरा महिने वाचले असते. नंतर कंपनीने पुन्हा जाहिरात केली. या वेळी बक्षीस 200 पौंड, पण अटींची मोठी यादी जोडून. लुइझा कार्लिल 1942 पर्यंत, वयाच्या 96 व्या वर्षापर्यंत जगल्या. मृत्यूचं मुख्य कारण वार्धक्य, आणि त्याच्या जोडीला इन्फ्लुएंझा.

आता तुमच्या पत्राकडे. कोणाला लिहायचं? पैसे ज्याने घेतले, पावतीवर ज्याचं नाव आहे, त्या विक्रेत्याला. वॉरंटी उत्पादकाची असेल तर प्रत त्यालाही. ऑनलाइन खरेदीत विकणारा एक आणि संकेतस्थळ दुसऱ्याचं असं असतं; दोघांनाही पाठवा. वर 'विनंती' किंवा 'चौकशी' न लिहिता ठळक 'तक्रार' असं लिहा. बऱ्याच कंपन्यांत चौकशी एका खात्यात जाते, तक्रार दुसऱ्या, आणि क्रमांक, मुदत, वरिष्ठांची नजर हे सगळं तक्रारीलाच मिळतं. तक्रारी कशा हाताळाव्यात याचं आयएसओ 10002 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तक्रार मिळाल्याची पोच तक्रारदाराला द्यावी, असं त्यातही सांगितलं आहे. म्हणून पोच मागा, तक्रार क्रमांक मागा.

पत्र एका पानाचं असू द्या. वस्तूचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक, बिल क्रमांक. मग तारखा. मग मागणी, आणि मागणी एकच. दुरुस्ती हवी, बदलून हवी की पैसे परत हवेत, ते तुम्ही ठरवा. पैसे हवे असतील तर नेमका आकडा लिहा. 'योग्य ती भरपाई द्यावी' असं लिहिलं की योग्य काय ते कंपनी ठरवते. आणि शेवटी मुदत. 'लवकरात लवकर' ही मुदत नव्हे. पत्राच्या तारखेपासून 14 दिवस मोजा आणि दिनदर्शिकेतला तो दिवस लिहा. त्या दिवशी उत्तर न आल्यास कोणत्या यंत्रणेकडे जाणार, तेही लिहा. फक्त खरोखर जाणार असाल तरच. पोकळ धमकी समोरच्याला लगेच कळते.

तारखा, मागणी, मुदत. आणि जोडायच्या त्या प्रती. मूळ पावती हातची कधीही सोडू नका.

फोनवर बोलणं झालंच, तर त्याच दिवशी ईमेल करा: "आज सकाळी अकरा वाजता आपल्या अमुक प्रतिनिधींशी बोलणं झालं, त्यात असं ठरलं. यात काही चूक असल्यास कळवावं." फोनवरचं आश्वासन असं कागदावर येतं. फोन उचलणाऱ्या मुलामुलींशी सौम्यपणे बोला, ही माझी कळकळीची विनंती. नियम त्यांनी केलेले नसतात, आणि तुमची तक्रार वरच्या टेबलावर तेच पोचवतात. शाळेत मुलांना आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहायला शिकवतात. तक्रारीचं पत्रही शिकवायला हवं. आयुष्यात त्याची गरज फार जास्त पडते.

कुठे चुकतं तेही सांगायला हवं. बिघडलेली वस्तू तशीच वापरत राहिलो तर बिघाड कोणामुळे झाला याचा वाद सुरू होतो. बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेतली तर वॉरंटीवरच प्रश्न येतो. आणि रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नका. हप्त्यांचा करार बहुतेक वेळा वेगळ्या वित्तसंस्थेशी असतो. वस्तू खराब निघाली तरी थकबाकीदार म्हणून नोंद तुमचीच होते.

कार्डाने पैसे दिले असतील आणि वस्तू आलीच नाही किंवा सांगितल्यापेक्षा वेगळी आली, तर बँकेकडे 'चार्जबॅक' मागता येतो, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत. त्याला मुदत असते. विक्रेत्याशी गोड बोलण्यात महिने गेले तर ती टळते. म्हणून पत्र पाठवाल त्याच आठवड्यात बँकेला मुदत विचारून ठेवा.

पत्राने काम झालं नाही तर मध्ये तिसरा माणूस घ्यायचा. इथे दोन शब्द नीट ओळखा. मध्यस्थ फक्त बोलणं जुळवतो; तुम्ही मान्य केलंत तरच तडजोड होते. लवाद मात्र निकाल देतो, आणि तो सहसा बांधून टाकतो, पुढे कोर्टाचं दार बंदही होऊ शकतं. सही करण्याआधी विचारा, ही मध्यस्थी आहे की लवाद? काही क्षेत्रांत आणि काही देशांत लोकपाल, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा त्रयस्थ अधिकारी, किंवा तक्रार मंडळं असतात. स्वीडनमध्ये 1968 पासून असं एक राष्ट्रीय मंडळ आहे. तिथे तोंडी सुनावणी नाही, निर्णय फक्त कागदांवर, आणि त्याआधी तुम्ही विक्रेत्याकडे तक्रार केलेली असावी लागते. म्हणजे तिथेही पुन्हा तेच पत्र कामाला येतं.

तडजोडीची रक्कम आली की कागद वाचा. 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असे शब्द असतील तर त्यानंतर काहीही मागता येत नाही. अर्धीच रक्कम देत असतील आणि उरलेली सोडायची नसेल, तर "उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून स्वीकारत आहे" असं लिहून द्या. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका.

शेवटचा मुद्दा कोर्टाच्या मुदतीचा. दावा किंवा तक्रार दाखल करायला कायद्याने कालमर्यादा असते, आणि तुमचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. कंपनी 'विचार करतो आहोत' असं गोड उत्तर देत राहते आणि मुदत सरते. पहिलं पत्र टाकाल त्याच दिवशी ही कालमर्यादा कधी संपते ते माहीतगाराला विचारा, आणि तिच्या तीन महिने आधीच्या तारखेवर खूण करा. त्या तारखेपर्यंत काही मिटलं नाही, तर सगळी पत्रं तारखेवार लावून वकिलाकडे जा.

नमस्कार.